नजरेत मावेल एवढा कटोरा

“हलू नको! अबे, हलू नको म्हणतो ना! हात आहे का वाऱ्यावरची फांदी आहे बे तुझी?”

भाऊ दुकानाच्या आतल्या भिंतीला पाठ टेकून ओरडत होता. मी दाराच्या चौकटीत, अमरावती रोडकडे पाठ करून, काचेचा कटोरा अंगापासून लांब धरून उभा होतो. मागून सकाळचं ऊन कटोऱ्यात शिरत होतं आणि पलीकडे भाऊच्या पांढऱ्या सदऱ्यावर निळेपिवळे तुकडे सांडत होते. नागपूरच्या वेशीवरच्या आमच्या वाडीत ट्रक इतके, की माणसं रस्ता ओलांडायला निघताना घरून जेवणाचा डबा सोबत घेतात. पण त्या दिवशी भाऊचा आवाज असा चढला होता की दोन ट्रकवाल्यांनी इंजिनं बंद करून माना बाहेर काढल्या. आपल्यालाच कोणी मागं घ्यायला सांगतंय असं त्यांना वाटलं.

“डावीकडे घे. तुझ्या नाही, माझ्या डावीकडे! आता वर. हां. आता थांब. श्वास घेऊ नको.”

“श्वास नाही घेतला तर मरून जाईन ना गा भाऊ.”

“मंग मर. पण कटोरा न सोडता मर.”

वहिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. “भाऊजी,” ती म्हणाली, “ते म्हणतात तर दोन मिनिटं मरा ना.”

मी मेलो. भाऊनं मान जराशी वाकडी केली, एक डोळा मिटला आणि अचानक त्याचा आवाज खाली आला. “आली. काळी रेघ आली. अख्खी आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. निळे आले. दोन्ही आले. पिवळा आला. आता लाल...”

टिक्.

बोट मोडल्यासारखा आवाज. माझ्या हातांत, मी काहीही न करता, कटोऱ्याच्या काठापासून बुडापर्यंत एक बारीक रेघ गेली आणि वरचा उजवा तुकडा, लाल चौकोनासकट, माझ्या चपलेवर पडला.

“काय झालं?” भाऊनं विचारलं.

“काही नाही. ट्रकचा हादरा बसला.”

“ट्रक कालही होते,” भाऊ म्हणाला आणि स्टूल चाचपत खाली बसला. लाल तेवढा बघायचा राहिला होता.

माझं काचेचं दुकान आहे. खिडक्यांची, आरशांची, मासे पाळायच्या पेट्यांची काच मी कापून देतो. माझ्याइतकी सरळ काच कापणारा माणूस नर्मदेपासून गोदावरीपर्यंत नाही. एकदा मी एक काच इतकी सरळ कापली होती की तिच्या कडेवर चढलेली मुंगी खाली बघून घाबरली आणि उलटी फिरली. वाडीत कोणालाही विचारा. नाही म्हणतील, पण विचारा.

भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आईच्या पोटात खरेपणाचा जेवढा साठा होता तेवढा त्यानंच संपवला, मागून आलेल्या मला भांडं खरवडून काय मिळालं असेल ते मिळालं. माझ्या लग्नाच्या पहिल्या बोलणीला मी त्याला मोठ्या विश्वासानं नेलं. मुलीच्या वडलांनी चहाचा घोट घेत सहज विचारलं, धाकट्याचं कसं काय चाललंय? भाऊनं कपबशी खाली ठेवली आणि म्हणाला, “धंदा ठीक आहे. माणूसही वाईट नाही. पण हा बोलतो त्यातलं रुपयात चार आणे धरा.” ते स्थळ मोडलं. पुढच्या बोलणीला मी त्याला गावाचा पत्ताच चुकीचा सांगितला.

तो कुहीच्या शाळेत ड्रॉइंगचा मास्तर होता. निवृत्त होईपर्यंत तिथंच. बाकीचे मास्तर मुलांकडून दोन डोंगर, मधे सूर्य आणि खाली झोपडी काढून घेत. हा फळ्यावर एक तिरपी रेघ ओढायचा, एक त्रिकोण टेकवायचा आणि म्हणायचा, आता बघा, ही रेघ पडेल की उभी राहील? एकदा मोठ्या साहेबांनी वर्गात येऊन विचारलं होतं, “मास्तर, सूर्य कुठं आहे यात?” हा म्हणाला, “तो पिवळा अर्धा गोल.” “आणि झोपडी?” “पडली,” हा म्हणाला.

घरी येऊन हेच तो मोठं करून पाटीएवढ्या, दाराएवढ्या हार्डबोर्डवर रंगवायचा. विकत घेणारं कोणी नव्हतं आणि फुकट घेणाऱ्यांनाही भिंतीवर जागा नव्हती. तरी त्याची चित्रं वाया गेली असं म्हणता येणार नाही. नागपूरकडं दिवाळी झाली की खिडकीतला कूलर निघतो आणि मागं एवढं मोठं भोक राहतं. लोक तिथं पत्रा ठोकतात, पुठ्ठा लावतात. भाऊ चित्र लावायचा. रंगाची बाजू आत. होळी आली की चित्र निघायचं, कूलर बसायचा. त्यात त्याला अपमान वाटायचा नाही. “चार महिने खिडकी म्हणून राहते,” तो म्हणायचा, “कोणत्या चित्राच्या नशिबात आहे?”

त्यातलं एक चित्र दरवर्षी स्वयंपाकघराच्या खिडकीत असायचं, म्हणजे वहिनीच्या डोळ्यासमोर. पांढऱ्यावर एक काळी तिरपी रेघ. तिच्या पोटाला टेकलेले दोन निळे त्रिकोण. खाली पिवळा अर्धा गोल. आणि वर उजव्या कोपऱ्यात, बाकी सगळ्यांशी भांडण झाल्यासारखा, एक लहान लाल चौकोन. मी विचारलं होतं, “हा तिकडं एकटा काहून ठेवला?” भाऊ म्हणाला, “त्याच्यावरच सगळं टांगलेलं आहे. तो लाल काढला तर बाकीचं घसरून खाली पडते.” मी लालवर अंगठा ठेवून पाहिलं. देवाशपथ सांगतो, चित्र घसरलं. हे मात्र रुपयातले सोळा आणे धरा.

मग त्याच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. काचेच्या धंद्यात हयात माझी गेली आणि बिंदू त्याच्या वाट्याला. कुहीहून दवाखान्यासाठी सारखं नागपूरला येणं जमेना म्हणून तो आणि वहिनी माझ्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला आले. नागपूरच्या धंतोलीत दवाखाने इतके आहेत की तिथले कुत्रेसुद्धा उपाशीपोटी तपासायला बोलावल्यासारखे पायरीवर बसतात. डॉक्टर चांगला होता. त्यानं सरळ सांगितलं, मास्तर, जेवढी नजर गेली ती परत येत नाही. उरली ती थेंब टाकून धरून ठेवायची. भाऊनं विचारलं, “किती दिवस धरून राहील?” डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही. भाऊला ते उत्तर आवडलं. खरं होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं वर्तमानपत्राची सुरळी केली आणि माझ्या हातात दिली. “एक डोळा मिट आणि यातून पाहा.” मी पाहिलं. दुकानातला आरसा दिसला तर गिऱ्हाईक दिसेना, गिऱ्हाईकाचं नाक दिसलं तर कान दिसेना. “एवढं दिसते मले,” भाऊ म्हणाला. महिन्याभरानं त्यानं सुरळी आणखी आवळून दिली. त्याच्या पुढच्या महिन्यात शाईच्या पेनाचं टोपण, बूड कापलेलं. आमच्या घरात थर्मामीटर नव्हतं, पण भाऊच्या नजरेचं माप असं नेहमी हाताशी असायचं.

त्याला वाईट वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. चित्र समोर ठेवलं की रेघ एकदा, त्रिकोण एकदा, असं फिरून फिरून दिसायचं. लांब जाऊन पाहिलं तर अख्खं मावायचं, पण रंग राखेसारखे. “तुकडे दिसतात बे,” तो म्हणाला. “सगळं एकदम नाही दिसत. एकदम दिसलं नाही तर ते चित्र नाही, भंगार आहे.”

आणि एका सकाळी मी दारात एक जुनी निळी काच पुसत होतो, मागून ऊन होतं, तर जिना उतरता उतरता भाऊ ओरडला, “निळं! अबे ते निळं आहे!” कागदावरचा रंग त्याच्यासाठी विझला होता, पण मागून उजेड आला की पेटत होता. तो तसाच वर गेला आणि एक जुनी वही घेऊन आला. आत पेन्सिलीनं काढलेला एक कटोरा होता आणि त्याच्या आतल्या अंगावर तेच चित्र, रेघ, त्रिकोण, गोल, लाल चौकोन. शाळेत शिकवत असताना काढलेलं.

“सपाट काच नको,” तो म्हणाला. “सपाटीच्या कडा पळून जातात. कटोऱ्याच्या कडा आपल्याकडं येतात. दीड वितीचा कर. तिथं दारात धर. एकदा पूर्ण पाहतो. मंग गेली तर जाऊ दे नजर.”

मी म्हणालो, “चार दिवसांत देतो. हे तर आपलं डाव्या हाताचं काम. बेल्जियमहून लोकं मले विचारायले येतात.”

मी जन्मात काचेचा कटोरा बनवला नव्हता.

आमच्या पलीकडच्या कॉलनीत मातीच्या वस्तू शिकवणाऱ्या एक बाई राहायच्या. त्या मुलाकडं पुण्याला निघाल्या तेव्हा त्यांची विजेची भट्टी, कपडे धुवायच्या मशीनएवढी, मी उचलून आणली होती, कशाला ते तेव्हा मला माहीत नव्हतं. काम तसं ऐकायला सोपं. काचेचा गोल कापायचा, त्यावर रंगीत काचेचे तुकडे मांडायचे, भट्टीत घालून ते एकमेकांत विरघळू द्यायचे. थंड झालं की ती चकती मातीच्या थाळीवर ठेवायची आणि पुन्हा तापवायची, म्हणजे ती मऊ होऊन आपोआप थाळीत बसते, थकलेला माणूस खाटेत बसतो तशी. थाळी मी कुंडीखालची घेतली.

काच मात्र मी घरचीच वापरली. इथं माझा घमंड नडला. माझ्याकडं कात्रणांचा असा ढीग होता की त्यात दोन वेळा मांजर व्याली आणि पिल्लं पारदर्शक निघाली. निळी काच सिव्हिल लाइन्समधल्या एका पाडलेल्या बंगल्याच्या झरोक्याची. पिवळी कोणाच्या तरी देवघराच्या दाराची. काळी एका हॉटेलच्या टेबलाची. लाल एका जुन्या मोटारीच्या मागच्या दिव्याची. खाली आपली खिडकीची साधी. कटोरा भट्टीतून निघाला तेव्हा असा दिसत होता की मी स्वतःच्या पाया पडलो.

तो दारात कसा फुटला ते वर सांगितलंच आहे. का फुटला ते मला मुंबईच्या एका रंगीत काचेच्या व्यापाऱ्यानं फोनवर सांगितलं. तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, प्रत्येक काच थंड होताना आपापल्या मापानं आकसते. कोणी जास्त, कोणी कमी. वेगवेगळ्या घरच्या काचा एकत्र वितळवल्या तर वरून त्या एकजीव दिसतात, आत ओढाताण चालू असते. आज फुटेल, नाही तर वर्षानं फुटेल, पण फुटणार. सगळे रंग एकाच कारखान्याचे पाहिजेत.

“पाठवा,” मी म्हणालो.

“कोणाच्या नावानं?”

आता त्याच्या त्या हसण्यानंतर मी काय सांगायचं? वाडीतलं काचेचं दुकान, मासे पाळायच्या पेट्या मिळतील? मी घसा साफ केला आणि म्हणालो, “लिहा. अखिल विदर्भ काचशिल्प संशोधन मंडळ. अध्यक्ष.” मोठ्या मंडळाला मोबाइल शोभत नाही म्हणून दुकानाचा जुना फोन नंबर दिला. तो फोन चार वर्षांपासून मेलेला होता. मालाच्या पावतीचा, म्हणजे बिल्टीचा नंबर त्यानं सांगितला तो मी समोर टेकवलेल्या काचेवर लिहिला आणि दुपारी तीच काच कापून एका बाथरूमच्या खिडकीला बसवून आलो. मंडळ मात्र मी फोन ठेवल्याबरोबर विसरलो. थाप मारणाऱ्यानं थापा लक्षात ठेवायच्या म्हटल्या तर दुसरं काम कधी करायचं?

आठ दिवसांत पार्सल यायचं होतं. वाडीत राहणाऱ्या माणसाला पार्सलची काय फिकीर? अर्ध्या देशाचा माल आमच्या दारावरून जातो. नवव्या दिवशी मी समोरच्या गोडाऊनमध्ये गेलो. कारकुनानं वही पाहिली. “तुमच्या नावाचं काही नाही.” मी माझं नाव पुन्हा सांगितलं. दुकानाचं नाव सांगितलं. नाही. मग मी एकेक गोडाऊन धरलं. पंख्यांचे खोके, टायर, बिस्किटं, एका ठिकाणी चक्क कोणाची तरी वरात बसायची बग्गी, सगळं होतं, काच नव्हती. मुंबईला फोन लावला तर व्यापारी गावाला लग्नाला गेलेला, दुकानाला कुलूप. रोज संध्याकाळी मी समोरच्या कारकुनाकडं जायचो, रोज तो मान हलवायचा.

घरी भाऊ काही विचारायचा नाही. एका दुपारी त्यानं पेनाचं टोपण माझ्या हातातून घेतलं, चाचपलं आणि म्हणाला, “आता हे पण मोठं होऊन राहिलं.” दुसऱ्या दिवशी मी आणखी तीन गोडाऊन पालथी घातली.

होळी होऊन गेली होती, कारकुनाच्या कानामागं गुलाबी रंग अजून तसाच होता, त्या दिवशी तो स्वतःच मला म्हणाला, “तुमच्या धंद्यातलं कोणी मोठं मंडळ आहे काय हो इकडं? एक पेटी केव्हाची जागा अडवून राहिली. काच आहे, सांभाळा, असं लिहिलं आहे. फोन लावला तर लागत नाही. मी म्हटलं, अध्यक्षसाहेब दिल्लीला असतील.”

त्याच्या टेबलामागं, मी रोज उभा राहायचो तिथून चार पावलांवर, पेटी होती. तिच्यावर तो रोज आपला डबा ठेवून जेवत होता. माझ्या दुकानाच्या दारापासून मोजली तर तीनशे पावलं. अठरा दिवस.

मी म्हणालो, अध्यक्ष मीच. तो हसला. मी शपथ घेतली तेव्हा आणखी हसला. इतकी वर्षं मी त्याला काय काय सांगत आलो होतो. मुंगीची गोष्ट त्याला पाठ होती. “मंडळाचा शिक्का आणा,” तो म्हणाला, “असा कसा देऊ मोठ्या लोकांचा माल?” जन्मात पहिल्यांदा मी खरं बोलत होतो आणि माझ्याकडं पुरावा नव्हता. शिक्का बनवून आणायला आणखी दोन दिवस गेले. तो शिक्का अजून माझ्या गल्ल्यात आहे. अध्यक्ष.

पेटी खांद्यावर घेऊन आलो तेव्हा भाऊ जिन्यात बसला होता. मी म्हटलं, “भाऊ, आली काच! नजरेची नळी केवढी राहिली सांग, त्या मापानं कटोरा करतो.”

“आहे तेवढीच आहे,” भाऊ म्हणाला. वहिनी मागं उभी राहून कपड्यांच्या घड्या करत होती. एकच सदरा तिनं तीनदा घडी केला.

मी कामाला लागलो. या वेळी सगळे रंग एका घरचे. लाल काचेचा तुकडा मुंबईवाल्यानं हातरुमालाएवढाच पाठवला होता. पहिल्या कापात माझा हात हलला. हो, माझा. मुंग्यांना घाबरवणारा. दुसऱ्या कापात चौकोन बरोबर आला आणि उरलेल्या चिंधोट्यांत दुसरा चौकोन निघण्यासारखा नव्हता. चकती जुळली. एकजीव झाली. थंड झाली. दोन दिवस मी तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसलो, टिक् ऐकायला. टिक् झालं नाही.

मग चकती थाळीवर चढवून शेवटची भट्टी लावली. तोपर्यंत एप्रिल लागला होता. नागपूरचा एप्रिल तुम्हाला माहीत नसेल तर एवढंच सांगतो, भट्टीचं दार उघडलं की आतून गार झुळूक येत होती. बाहेर डांबर पातळ झालं होतं आणि ट्रक चालत नव्हते, पोहत होते. अशा दुपारी विजेची लाइन गेली. कटोरा अर्धा वाकलेला. लाइन आली तेव्हा मी पुन्हा तापवली. पुन्हा गेली. पुन्हा तापवली. व्यापाऱ्यानं फोनवर बजावून सांगितलं होतं, लाल फार वेळ शिजवू नका, लालचा भरवसा नसतो.

दार उघडलं तेव्हा कटोरा अख्खा होता. रेघ सरळ. म्हणजे कटोऱ्यात असते तितकी सरळ. निळे असे, की हात लावला तर ओला होईल. पिवळा उन्हाहून उन्हासारखा. आणि वर उजव्या कोपऱ्यात लाल चौकोन शिजून करपून कलेजीच्या रंगाचा झालेला.

मी तो उजेडाकडं धरला. मागून ऊन आलं तरी तो पेटेना. खाटकाच्या फळीवर दुपारपर्यंत राहिलेल्या तुकड्यासारखा. मी त्याच्यावर अंगठा ठेवला, काढला. काही फरक पडला नाही. सगळं आधीच घसरलेलं होतं.

दुसरी लाल मागवायची तर पुन्हा मुंबई, पुन्हा गोडाऊन. मी ठरवलं, न्यायचाच. भाऊ ओरडेल. शिव्या देईल. रंगाच्या अर्ध्या छटेसाठी यानं एकदा दुकानदाराला डबा परत घ्यायला लावला होता, मला तर तो वाडीतून हद्दपार करेल. करू दे. निदान पाहील तरी.

सकाळी मी पुन्हा दारात उभा राहिलो. भाऊला वहिनीनं धरून भिंतीपाशी आणलं. मी कटोरा लांब धरला. ऊन आत आलं. त्याच्या सदऱ्यावर निळं पडलं, पिवळं पडलं, आणि खांद्यावर एक मळका डाग.

“डावीकडे घेऊ का?” मी विचारलं.

“घे थोडा.”

“वर?”

“बरोबर आहे.”

तो ओरडत नव्हता. मी हात मुद्दाम हलवला. तरी ओरडला नाही. ट्रकवाले आपले जात होते. भाऊनं मान वाकडी केली, एक डोळा मिटला, आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

“दिसला,” तो म्हणाला.

“पूर्ण?”

“पूर्ण. एकदम.” मग म्हणाला, “लाल चांगला आला.”

वहिनीनं कटोऱ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि गॅसवर काहीतरी आहे म्हणून वर गेली.

मला तेव्हा काय कळायचं होतं ते कळलं नाही असं मी म्हणणार नाही. पण मी आयुष्यभर लोकांना थापा पचवायला लावल्या. त्या दिवशी समोर वाढलेली पहिल्यांदा मी स्वतः खाल्ली, आणि पाणीही न मागता. “येईल नाही तर काय,” मी म्हणालो, “मुंबईहून आणला, खास.” पुढचे पंधरा दिवस मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सांगत सुटलो की माझ्या भावाची जाणारी नजर मी एका कटोऱ्यात अडवून धरली. ट्रकवाल्यांबरोबर ती गोष्ट अकोल्यापर्यंत गेली असेल. जाता जाता कटोरा विहिरीएवढा झाला होता. लाल चौकोन लालच होता. मला तर तो दिसायलाही लागला होता.

मग धंतोलीची तारीख आली. एरवी वहिनीच भाऊला घेऊन जायची, मी दुकान सोडत नसे. या वेळी मी म्हटलं, मीही येतो, डॉक्टरला कटोऱ्याची गोष्ट सांगायची आहे. ती मी त्याला खुर्चीत बसायच्या आत सांगून टाकली. डॉक्टर बॅटरी हातात घेऊन ऐकत राहिला. मग त्यानं भाऊच्या एका डोळ्यात उजेड टाकला, दुसऱ्यात टाकला, बोटं नाचवली, आणि फाइलमध्ये लिहिता लिहिता मला म्हणाला, “काका, तुमच्या मनासारखं मलाही सांगायला आवडलं असतं. पण होळीनंतर हे आले तेव्हाच आकार दिसणं थांबलं होतं. उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. आता तेही कमी होतंय. मास्तर, मी सांगितलं होतं ना तुम्हाला तेव्हा?”

“हो,” भाऊ म्हणाला. खरं विचारलं की तो खरंच सांगतो.

वहिनी औषधं घ्यायला खिडकीपाशी गेली. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. शेजारी गावाकडून आलेलं एक जोडपं डबा उघडून जेवत होतं. मी मनात मोजलं. पहिला कटोरा फुटला तेव्हा त्याला लाल सोडून सगळं दिसलं होतं. पेटी वेळेवर हाती लागली असती तर होळीच्या आत कटोरा झाला असता. अठरा आणि दोन, वीस दिवस माझ्या मंडळाच्या नावावर जमा.

“होळीपासून?” मी विचारलं.

“हं.”

“मंग त्या दिवशी दिसला म्हणाला. लाल चांगला आला म्हणाला. लाल तर...” मी लालचं सांगितलं. कलेजी म्हटलं. भाऊनं मान हलवली, जसं एखाद्या पोरानं रंग चुकवला तर वर्गात हलवायचा तशी. काळा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला.

“तू जन्मात खोटं बोलला नाही,” मी म्हणालो. “माझं लग्न मोडलं तेव्हा नाही बोलला. आता काहून बोलला गा भाऊ?”

“तू आणखी एक कटोरा केला असता,” भाऊ म्हणाला.